व्हेंटिलेटेड सीट पेट्रोल खाते का? दोन उन्हाळे वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

टॉप व्हेरिएंट का घेतला असं घरी विचारलं तेव्हा मी सहा एअरबॅग म्हणून सांगितलं होतं. खरं कारण थंड सीट, म्हणजे आतल्या पंख्यांनी पाठीला हवा देणारी व्हेंटिलेटेड सीट. मुलुंडहून बीकेसीला जायला सकाळी तास, संध्याकाळी कधी दीड तर कधी दोन, त्यात एप्रिल-मेमध्ये एसी कितीही मारा, छाती गार आणि पाठ ओलीच. ऑफिसच्या लिफ्टमध्ये मागच्या आरशात मानेपासून कमरेपर्यंत नकाशा काढलेला दिसायचा, मग अर्धा तास खुर्चीला न टेकता बसायचं. तर घेतली गाडी.

आणि पहिले दोन महिने सीट काय गार होईना. बटण दाबलं की तीन निळे दिवे लागायचे, खालून घुर्रर्र आवाज यायचा, पाठीला मात्र काहीच नाही. मला वाटलं असंच असतं, पैसे गेले. मग एका रविवारी सीटवर टिश्यू पेपर ठेवून बघितला, म्हटलं हवा येत असेल तर निदान हलेल तरी. ढिम्म. तेव्हा ट्यूब पेटली. डिलिव्हरीच्या दिवशी शोरूमवाल्याने ‘सर, फ्री आहे’ म्हणत जाडजूड रेग्झिनचं सीट कव्हर चढवून दिलं होतं, म्हणजे कंपनीने सीटला जी बारीक बारीक भोकं पाडलीयत, ज्यातून हवा यायची, तीच बंद. वरून त्याच सीटच्या कडेत साइड एअरबॅग असते, तिच्याही वाटेत ते कव्हर. सहा एअरबॅगमधल्या दोन मी स्वतः गुंडाळून ठेवल्या होत्या, बायकोला हे अजून माहीत नाही. कव्हर काढलं, टिश्यू परत ठेवला, तो थरथरायला लागला. त्या दिवसापासून खरा रिव्ह्यू सुरू.

आता मुद्दा, मायलेज. आमच्याकडे यावरून दोन पक्ष आहेत. बाबा म्हणतात, ‘अरे ते बटण बंद कर, पेट्रोल खातं.’ आमचा मेकॅनिक म्हणतो, ‘साहेब ते बॅटरीवर चालतं, पेट्रोलचा काय संबंध.’ दोघंही चूक. बॅटरी काय आकाशातून चार्ज होत नाही, ती चार्ज करतो ऑल्टरनेटर, त्याला पट्ट्याने फिरवतं इंजिन, आणि इंजिन पितं पेट्रोल. म्हणजे फुकट काहीच नाही, पण किती हा खरा प्रश्न आहे.

बहुतेक गाड्यांतल्या सीटमध्ये थंड करणारं मशीन वगैरे काही नसतं, नुसते छोटे पंखे असतात, केबिनमधली हवा खेचून भोकांतून पाठीला लावतात (काहींमध्ये उलटं, घामाची हवा आत ओढून घेतात). एका सीटचे पंखे फुल्ल स्पीडला धरा वीस-पंचवीस वॅट. घरचा जुना सीलिंग फॅन ७५ वॅट खातो, गाडीच्या हॅलोजन हेडलाइटचा एक बल्ब ५५. हेडलाइटबद्दल बाबा आजवर कधी बोललेले नाहीत.

हिशोब करूनच दाखवतो. एक लिटर पेट्रोलमध्ये ढोबळ नऊ युनिट एनर्जी (वीजबिलातलंच युनिट, हजार वॅट तासभर). शहरातल्या ट्रॅफिकमध्ये इंजिन त्यातलं पाव कामाला लावलं तरी खूप, बाकी सगळी उष्णता होऊन जाते. त्या पावातलंही चाळीसेक टक्के ऑल्टरनेटर गिळतो. हातात येते साधारण सव्वा युनिट वीज. दोन्ही सीट तासभर फुल्लवर चालवल्या तर ५० वॅट, म्हणजे ४० मिली पेट्रोल. कटिंग चहाचा ग्लास पण भरणार नाही. मुंबईत पेट्रोल शंभरीपार आहे तरी चार रुपये तासाला, आणि मी एकटाच असतो म्हणजे दोन. महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये झाले, तेही पूर्ण वेळ तीनवर ठेवली तर. मी पहिली दहा मिनिटं तीनवर ठेवतो आणि कांजूरपर्यंत एकवर आणतो, कारण तीनवर आवाज खरंच येतो, फोनवर बोलताना समोरचा विचारतो मिक्सर चालू आहे का.

याच्यापुढे एसीचा कॉम्प्रेसर बघा. जोरात चालतो तेव्हा दीड-दोन किलोवॅट सहज खातो, म्हणजे एका सीटच्या पंख्यांच्या साठ-ऐंशी पट. म्हणून सीटचं बटण चालू की बंद याने मायलेज हलत नाही, सीट चालू केल्यावर तुम्ही एसीचं काय करता याने हलतं. मी आधी २२ वर ठेवायचो, ब्लोअर चारवर. आता पाठ कोरडी राहते म्हणून २५ पुरतो, ब्लोअर दोनवर. अमेरिकेच्या नॅशनल रिन्यूएबल एनर्जी लॅबोरेटरीने फार पूर्वी यावर काम केलं होतं, त्यांचा अंदाज असा की सगळ्या गाड्यांना अशा सीट असत्या तर एसीवर जळणाऱ्या इंधनात साडेसात टक्के बचत झाली असती. नीट वाचा, एसीच्या इंधनात, टाकीतल्या सगळ्या नव्हे.

मी स्वतः पण टाकी टू टाकी मोजलं, तोच पंप, तेच नोझल, ऑटोकट झाला की बस्स, वर पंपवाल्याला राउंड फिगर करू द्यायचं नाही. सीट बंद आणि एसी २२ वर असताना लिटरला ११.८ किलोमीटर आलं, सीट चालू आणि २५ वर १२.३. पण दुसरी टाकी मे महिन्यातली होती, शाळांना सुट्ट्या, ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे मोकळा, त्यामुळे यातलं किती सीटचं आणि किती स्कूल बसेसचं देव जाणे. तोटा झालेला नाही एवढं मी छातीठोक सांगू शकतो.

जिथे ही सीट मार खाते ते पण सांगतो. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्याबसल्या बटण दाबाल तर ती गरम हवाच पाठीला लावणार, तिच्याकडे दुसरी हवा आहेच कुठे. आधी काचा खाली, दोन मिनिटं एसी, मग सीट. आणि पावसाळ्यात एसी बंद ठेवून नुसत्या सीटवर पेट्रोल वाचवायला जाऊ नका, मी जुलैमध्ये केलंय. घाम वाळायला कोरडी हवा लागते, ती एसीच करून देतो, नाहीतर भिजलेल्या टॉवेलने वारा घातल्यासारखं होतं. डिसेंबरच्या सकाळी मात्र काचा थोड्या खाली आणि सीट एकवर, एसी बंद, मस्त चालतं. भोकांत चिवड्यातला कढीपत्ता अडकतो, तो काढायला जुना टूथब्रश ठेवलाय.

हीटेड सीटबद्दल आतेभाऊ शिकागोहून विचारत होता, तुमच्याकडे मिळतात का. अरे, आमच्याकडे मे महिन्यात ओपन पार्किंगमधली प्रत्येक सीट हीटेडच असते. त्याच्या गाडीत एकेक सीट सुरुवातीला ५० ते १०० वॅट घेते, म्हणजे पंख्यापेक्षा बरीच जास्त, पण तापली की थर्मोस्टॅट कमी करतो. पेट्रोल गाडीचा साधा हीटर इंजिनच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालतो, तिथे सीटने इंधन वाचत वगैरे नाही, फक्त इंजिन तापेपर्यंत बूड गरम. ईव्हीत मात्र उलटा हिशोब, अख्खी केबिन तापवण्यापेक्षा सीट तापवणं बॅटरीला स्वस्त.

बाबांना हा सगळा हिशोब कागदावर काढून दाखवला. चार रुपये पटले त्यांना. पण ते सीटवर पंचा अंथरल्याशिवाय बसत नाहीत, चाळीस वर्षांची सवय, त्यामुळे त्यांच्या बाजूचे पंखे पंच्यालाच वारा घालतात. आणि आई मागे बसते, मागच्या सीटला पंखेच नाहीत, घाटकोपर यायच्या आत तिचं ‘जरा वाढव रे एसी’ सुरू होतं आणि मी परत २१ वर. त्या ट्रिपा मी मायलेजमध्ये धरलेल्या नाहीत.