टेटूच्या संवर्धनाच्या नावाखाली झालेली फसवणूक : ग्रामसभांनी सावध राहावे

सामूहिक वनहक्क (जंगल सांभाळण्याचा आणि वापरण्याचा गावाचा कायदेशीर हक्क) मिळालेल्या विदर्भातील ग्रामसभांच्या पदाधिकाऱ्यांनी हे लक्षपूर्वक वाचावे, कारण आम्हाला बुडवून गेलेली माणसे एव्हाना दुसऱ्या एखाद्या गावात सतरंजीवर बसून हीच भाषा बोलत असतील. गडचिरोली जिल्ह्यातील आमच्या गावाचे ४९,००० रुपये गेले आणि जंगलातील टेटूची ३१ मोठी झाडे मुळासकट गेली.

टेटू म्हणजे आयुर्वेदातील श्योनाक. बेल, शिवण, पाडळ आणि ऐरण यांच्याबरोबर तो दशमुळांत, म्हणजे औषधात वापरल्या जाणाऱ्या दहा मुळांत मोडतो. मागणी मुळाच्या सालीला असल्यामुळे अविचाराने औषध काढणे म्हणजे झाडाच्या जिवावरच उठणे होय. आमच्याकडचे वैदू शेंगा फुटून बी उडून गेल्यावर, एकाच बाजूचे एखादे मूळ घेत आणि खड्ड्यात माती पुन्हा दाबून बसवत, म्हणून ही झाडे इतकी वर्षे टिकली होती.

टेटूच्या संवर्धनाचे नाव सांगत गावात आलेल्या गृहस्थांनी दोन गोष्टी गळी उतरवल्या. शेताच्या बांधावर टेटू लावावा, पाचव्या वर्षी साल आम्हीच विकत घेऊ, आणि तोवर जंगलातील जुन्या झाडांची ‘शास्त्रीय मूळछाटणी’ करून त्यांचे आयुष्य वाढवू. १२ कुटुंबांकडून प्रत्येकी ५०० रुपये नोंदणीचे, ६०० रोपांचे प्रत्येकी ६५ रुपयांप्रमाणे ३९,००० आणि माती तपासणीचे ४,००० रुपये त्यांनी घेतले. छाटणीत निघणारी साल ८५ किलोच्या आत राहील आणि तिचे किलोमागे ४० रुपये ग्रामसभेला मिळतील, असे ठरले.

आमच्या डोळ्यांसमोर जे घडत होते ते ओळखायला हवे होते, तो क्षण माझ्या मनातून जात नाही. वाहतूक परवान्याचे पुस्तक माझ्यापुढे उघडे होते, मालाचे नाव लिहून झाले होते आणि वजनाच्या रकान्यावर बोट ठेवून त्यांच्यातला एकजण म्हणाला, “भाऊ, हा रकाना मोकळाच ठेवा. काटा झाला की भरू, नाहीतर खाडाखोड दिसते.” पुढच्या पानांवरही त्याने सह्या आणि शिक्के घेतले, कारण गाडी रात्री-बेरात्री निघाली तर सचिवाला झोपेतून उठवावे लागू नये. मी अडाणी नाही. तेंदूपत्त्याच्या हंगामात फळीवर (पाने गोळा करण्याच्या ठिकाणी) मोजणी झाल्यावरच आकडे भरले जातात, हे वर्षानुवर्षे पाहिलेल्या माणसाला त्यात वावगे काय दिसणार? शिवाय वनहक्क कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांनुसार तेंदू, मोह, औषधी मुळे अशा गौण वनोपजाचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीचा आहे, आणि तो आपण वापरतो आहोत याचा आम्हा सर्वांना अभिमान होता. त्या अभिमानाचाच त्यांनी फायदा घेतला.

आमची माणसे मोह वेचण्यात गुंतली असताना त्यांनी बाहेरचे मजूर आणून प्रत्येक झाडाभोवती कमरेइतका खड्डा खणला. नाक्यावरच्या नोंदीत आमच्याच परवान्यावर ९४० किलो माल गेल्याचे निघाले, ग्रामसभेला मात्र ८५ किलोचे ३,४०० रुपये टेकवले गेले. रोपेही टेटूची नव्हती. पावसाळ्यात ती वाढली, तरी पाने बारीकच राहिली, आणि गावातील एका म्हाताऱ्या बाईंनी पाहताक्षणी सांगितले की हे बुचाचे झाड आहे, शहरात शोभेसाठी लावतात ते.

खरा संताप त्यानंतरचा आहे. पोलीस म्हणाले, हा देण्याघेण्याचा दिवाणी मामला आहे, आणि अदखलपात्र नोंद करून आम्हाला वाटेला लावले. वनखात्यात गेलो तर साहेबांनी आमचाच ठराव आमच्यापुढे सरकवला आणि ‘परवानगी तुमची, सही तुमची, गुन्हा नोंदवायचा तर पहिला तुमच्यावर’ असे ऐकवले. वनहक्क कायद्याचे कलम ५ जैवविविधतेच्या रक्षणाचे अधिकार ग्रामसभेला देते, मग ते अधिकार वापरताना आम्ही लुबाडले गेलो, तर पाठीशी उभे राहणे कोणाचे काम आहे? जिल्ह्याच्या कार्यालयाने अर्ज घेतला, पोच दिली नाही, आणि नंतर तो सापडत नसल्याचे सांगितले. सरपणाची मोळी आणणाऱ्या बाईला अडवणारी यंत्रणा ९४० किलो माल डोळ्यांदेखत जाऊ देते, याला काय म्हणावे?

असा माणूस आला, तर जैविक विविधता कायद्यानुसार राज्य जैवविविधता मंडळाला दिलेल्या पूर्वसूचनेची प्रत आधी मागा. नागपूरला मंडळाचे कार्यालय आहे, तेथे ती पडताळून घ्या. मुळे काढताना गावचा माणूस खड्ड्याजवळ उभा असल्याशिवाय कुदळ लावू देऊ नका. रोपे घेण्याआधी गावातील वैदूला दाखवा. आणि आमच्या ग्रामसभेच्या शिक्क्याचा, टेटूच्या सालीचा परवाना घेऊन कोणी कोठेही माल नेताना दिसला, तर गाडी अडवून आम्हाला कळवा, कारण सह्या केलेली १२ कोरी पाने अजून त्यांच्याकडेच आहेत.