शिकाऱ्यांसाठी बनवलेली सॅक आणि नागपूरची पक्षी पाहणारी बाई: 10 महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीला भाचा अमेरिकेहून आला तेव्हा ही सॅक घेऊन आला. 22 लिटरची, मातकट हिरवी. मुळात ती हरणांच्या शिकारीला जाणाऱ्यांसाठी बनवलेली आहे. तिकडे परवाना काढून, ठरलेल्या हंगामात शिकार करता येते आणि दिवसभर पाठीवर वागवायला अशा छोट्या सॅक मिळतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे. मी पक्षी बघते. मी त्याला म्हटलं, अरे, ही माझ्या काय कामाची? तो म्हणाला, "मावशी, तासन्‌तास हलायचं नाही, आवाज करायचा नाही, पाणी आणि डबा जवळ ठेवायचा. तू दुसरं काय करतेस?"

त्याआधी दीड वर्ष मी सीताबर्डीतून घेतलेली एक सॅक वापरत होते. वजन फक्त 410 ग्रॅम, पातळ नायलॉनची, घडी केली तर मुठीत मावणारी. हलकी म्हणून घेतली आणि हलकी होतीच. पण नायलॉनचं कोरडं कापड झुडपाला घासलं की चिप्सचं पाकीट चुरगळावं तसा आवाज येतो. माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं, कारण रोजच्या गर्दीत तो आवाज ऐकूच येत नाही. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या बाजूला एका गावातले भाऊ आमच्यासोबत फिरायला यायचे. त्यांनी एकदा थांबून मला सांगितलं, "बाई, तुमची थैली लय बोलते." त्या दिवसापासून मी तो आवाज ऐकायला लागले आणि मग मला दुसरं काही ऐकू येईना.

नवी सॅक स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर 780 ग्रॅम भरली. म्हणजे जुनीच्या जवळजवळ दुप्पट. सुरुवातीला हे मला खटकलं. हलकी सॅक शोधणाऱ्या प्रत्येकाला खटकेल. पण फरक कापडात आहे. बाहेरचं कापड पॉलिस्टरचं असून त्याला मखमलीसारखी बारीक लव काढलेली आहे, आत पाणी अडवणारा थर आहे. नखाने खरवडलं तरी फक्त मऊ, दबका आवाज येतो. सीताफळाच्या फांदीतून, घाणेरीच्या जाळीतून गेलं तरी तेच. शिकाऱ्यांसाठीच्या सामानात या एका गोष्टीचा फार विचार केलेला असतो आणि पक्षी पाहणाऱ्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या सॅकमध्ये तो मला अजून कुठे दिसलेला नाही. वरचे 370 ग्रॅम मी आता आनंदाने उचलते.

तरी तीन गोष्टी मला बदलाव्या लागल्या. चेनच्या टोकाला धातूच्या कड्या होत्या, त्या एकमेकींवर आपटून किणकिणायच्या. त्या पक्कडीने काढल्या आणि परकराची नाडी कापून बांधली. छातीवरच्या पट्ट्याचं बक्कल मोठ्याने 'टक्‌' वाजायचं, त्याला मी आता आधी अंगठ्याने दाबून धरते. तिसरी गोष्ट, पुढच्या कप्प्याला वेल्क्रो होता. शिकाऱ्यांच्या सॅकला वेल्क्रो का असावा हे मला कळलेलं नाही.

त्या वेल्क्रोने माझा एक नवरंग घालवला, तो सांगते. जून महिन्याचा तिसरा आठवडा, पहिला चांगला पाऊस होऊन दोन दिवस झालेले, गोरेवाड्याच्या जंगलात सकाळी सव्वासहा. नवरंग पाऊस घेऊनच आपल्याकडे वीण करायला येतो. शीळ सगळीकडून ऐकू येते, दोन सुरांची, पण पक्षी दिसत नाही, कारण तो जमिनीवर पालापाचोळ्यात असतो. त्या दिवशी तो माझ्यापासून पंधरा पावलांवर होता. पाचोळ्याचं एक पान चोचीने उलटायचा, दोन उड्या मारायचा, पुन्हा एक पान. शेपटीखालचा लाल रंग ओल्या मातीवर इतका स्पष्ट दिसत होता की मी श्वास धरून उभी होते. वही काढावी म्हणून हात मागे नेला आणि चर्रर्र. तो गेला, आणि शेजारच्या सागावरचे सातभाईसुद्धा ओरडत उठले. घरी आल्यावर उसवणीने वेल्क्रो काढला आणि तिथे दोन मोठे टिचबटण लावले. सॅक घेताना दुकानात पहिल्यांदा वेल्क्रो शोधा. तो असेल तर काढता येतो का बघा.

आणखी एक गोष्ट उसवली. पाठीवर धावत्या हरणाचं आणि बंदुकीचं चित्र शिवलेलं होतं. एका नाक्यावर वनरक्षक ते चित्र बराच वेळ बघत राहिले, काही बोलले नाहीत. मला फार अवघडल्यासारखं झालं. ज्या माणसाचं आयुष्य शिकारी पकडण्यात जातं त्याच्यासमोर असलं चित्र मिरवू नये. त्याच रात्री ते काढलं, अजून तिथे फिकट चौकोन दिसतो.

तळाच्या कप्प्यात भडक नारिंगी रंगाचं पावसाळी कव्हर आहे. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत शिकाऱ्यांना हा रंग अंगावर ठेवणं सक्तीचं आहे, म्हणजे एकाची गोळी दुसऱ्याला लागू नये. हरणाला तो रंग आपल्याइतका वेगळा उठून दिसत नाही, कारण लाल-नारिंगी आणि हिरवा यांतला भेद त्याच्या डोळ्याला नीट होत नाही. पण पक्ष्यांची रंगांची नजर आपल्यापेक्षाही चांगली असते. त्यामुळे तळ्यावर ते कव्हर मी कधीच चढवत नाही. मात्र हिवाळ्यात पहाटे पाच वाजता काटोल रोडने स्कूटीवर जाताना, धुकं असलं की, ते मुद्दाम चढवते. मागून येणाऱ्या ट्रकला मी दिसते, एवढ्यासाठीही ते मला मोलाचं वाटतं. पावसात जंगलात फिरताना काय करायचं? आतलं सामान जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं, बाहेरची सॅक भिजू द्यायची.

भिजते ती, आणि भरपूर. लव असलेल्या कापडाची ही उघड किंमत आहे. जुलैच्या एका सकाळी घरी येऊन तोलली तर रिकामी सॅक सव्वा किलोच्या वर गेली होती. वाळायला दीड दिवस लागला. पातळ नायलॉनची सॅक झटकली की तासाभरात वाळते. पावसाळ्यात रोज बाहेर पडणाऱ्याने हे लक्षात घेऊनच निवडावं.

आणि कुसळं. ऑक्टोबरनंतर माळावरचं गवत पिकलं की कुसळीची कुसळं प्रत्येक गोष्टीत शिरतात हे इकडे फिरणाऱ्या कोणालाही माहीत आहे, पण या लवेत ती अशी रुततात की हाताने निघत नाहीत. कुसळ ओलं झालं की त्याचा पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यानेच ते आत आत जातं. पाठीच्या जाळीतून एक आरपार येऊन ब्लाऊज फाडून टोचलं तेव्हा मला रामटेकपासून घरी येईपर्यंत कळलंच नव्हतं काय टोचतंय ते. आता एक जुना चिमटा सॅकमध्येच असतो आणि घरात नेण्याआधी गॅलरीत बसून मी कुसळं काढते. वीस मिनिटं जातात. गोचीडही त्याच वेळी दिसते, हा फायदा.

मापाबद्दल. मी पाच फूट एक इंच आहे. बहुतेक सॅक पुरुषांच्या पाठीच्या लांबीच्या असतात आणि कमरेचा पट्टा माझ्या मांड्यांवर येतो. मान वाकवल्यावर जे हाड वर येतं तिथपासून कमरेच्या हाडाच्या उंचीपर्यंत टेपने मोजा. माझं 41 सेंटिमीटर येतं. ही सॅक त्या मानाने दोन बोटं लांबच आहे, पण खांद्याचे पट्टे वर ओढायला छोटे बंद असल्यामुळे चालून जाते. दुकानात रिकामी सॅक घालून आरशात बघण्यात काही अर्थ नाही. जुनी सॅक घेताना मी घरून दोन लिटर पाणी, डबा आणि दुर्बिणीची पेटी पिशवीत घेऊन गेले होते आणि प्रत्येक सॅकमध्ये ते भरून दहा मिनिटं दुकानात फिरले होते. दुकानदार म्हणाले, "घ्या ना मॅडम, कायले एवढं पाहता, एका दिवसाची तर बॅग आहे." एका दिवसाचीच असते म्हणून तर बघायचं. दिवसभर ती उतरत नाही.

माझं सामान असं असतं: पाणी दोन लिटर, म्हणजे दोन किलो इथेच गेले. डबा, ओआरएसची पाकिटं, दुपट्टा, डोक्याला लावायची बॅटरी, वही, पक्ष्यांचं पुस्तक, मलमपट्टी. दुर्बीण गळ्यात. सगळं मिळून साडेचार किलोच्या आत. नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी कमी करून वजन वाचवायचा विचारसुद्धा करू नये. आई निघताना बाहेरच्या खिशात कांदा ठेवते, उन्हाळा असो की नसो, आणि मी तो काढत नाही. सॅकच्या एका कडेला बंदुकीचा दस्ता टेकवायचा छोटा खिसा आणि वर एक पट्टा आहे. त्यात माझा एक पायाचा स्टॅंड इतका नेमका बसतो की जणू त्यासाठीच शिवलाय.

सॅकची खरी परीक्षा मे महिन्यात झाली. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग पाणवठ्यांवरच्या मचाणांवर लोकांना बसू देतो, मी अर्ज केला होता आणि मचाण मिळालं. दुपारी चढायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळीच उतरायचं. पारा 44 च्या आसपास. मचाणावर जागा दोन माणसं मांडी घालून बसतील एवढीच, त्यामुळे सॅक मांडीवर किंवा फांदीला टांगून. वरचा लूप मजबूत आहे, टांगता येते, आणि टांगली म्हणजे माकोडे चढत नाहीत. चेन दोन्ही बाजूंनी उघडते म्हणून अंधारात फक्त कोपरा उघडून चाचपडत वस्तू काढता येते. पाण्यासाठी मी बाटली न नेता नळीवाली पिशवी नेली होती. बाटली उघडताना तिचं झाकण करकरतं आणि अर्धी बाटली चालताना डुचमळते. नळीने बसल्या जागी, हात न हलवता पिता येतं. रात्री साडेदहाला तीन रोही, म्हणजे नीलगायी, आले, नंतर सांबर मादी आणि पिल्लू, पहाटे रानडुकरांचा कळप. सांबर मादीने पाण्यात तोंड घालण्याआधी जवळजवळ वीस मिनिटं कान फिरवत उभं राहून सगळं ऐकलं. त्या वेळात मी सॅकमधून दुपट्टा काढला. तिचा कान माझ्याकडे वळला नाही. माझ्यासाठी या सॅकचं सगळं मोल त्या वीस मिनिटांत आहे.

पाठीला मात्र त्या दिवशी हवा लागत नव्हती. पाठीमागे जाड फोम आहे, वर जाळी आहे, पण दोन्ही पाठीला चिकटतात. घामाचे पांढरे पट्टे उमटले, ते साध्या साबणाच्या पाण्याने हाताने धुतले तर जातात. मशीनमध्ये घालू नका, आतला थर सुटतो. आणि मेच्या उन्हात गच्चीवर वाळत टाकू नका. उन्हाने धाग्याचा जीव जातो, रंग तर आधीच उडतो. माझी सावलीत वाळूनही हिरव्याची आता राखाडीकडे झुकली आहे, त्याचं मला काही वाटत नाही.

मोडतोड दोन ठिकाणी झाली. बाजूचा बाटलीचा खिसा जाळीचा होता, तो चिलाटीच्या काट्यांनी पाचव्या महिन्यातच फाटला. जाळीचा खिसा आपल्या जंगलात टिकतच नाही, कापडी खिसा असलेलीच घ्यावी. दुसरी मोडतोड जास्त वाईट. डाव्या खांद्याचा पट्टा जिथे खाली शिवलेला आहे तिथली शिवण सातव्या महिन्यात उसवायला लागली. इथे सगळा भार येतो, आणि कंपनीने नुसत्या दोन सरळ टिपा मारल्या होत्या. मी फोटो काढून कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की हमी भारतात लागू नाही, परत पाठवायचा खर्च तुमचा. एवढी चांगली कापडाची समज असलेल्यांनी दोऱ्यात हात आखडता का घ्यावा, याचं मला अजून वाईट वाटतं.

शेवटी आमच्या वस्तीतल्या चपला शिवणाऱ्या काकांकडे नेली. त्यांनी पट्टा पूर्ण उसवला, आतून चामड्याचा छोटा तुकडा लावला, मेणाचा दोरा ओवला आणि चौकोन काढून त्यात फुली मारली. दुसऱ्या खांद्यालाही न सांगता तसंच करून दिलं. म्हणाले, "एक पक्का केला तं दुसरा तुटते, ताई." 80 रुपये. त्यानंतर तीन महिने झाले, टाका जागचा हललेला नाही. तुम्ही कुठलीही सॅक घ्या, खांद्याच्या खालच्या टोकाला चौकोनातली फुली आहे का बघा, नसेल तर पहिल्याच आठवड्यात मारून घ्या.

फक्त तलावाच्या काठाने फिरायचं असेल, अंबाझरी किंवा फुटाळ्यावर सकाळी तासभर, तर एवढा खटाटोप नको, शबनमही चालेल. गाडीत बसून सफारी करणाऱ्यांनाही याची गरज नाही. पायी फिरणाऱ्यांनी आणि लपून बसणाऱ्यांनी मात्र दुकानात कापड कानाजवळ धरून चोळून बघावं.

भाचा या दिवाळीला पुन्हा येतोय. त्याला सांगितलंय की हीच सॅक बिनचित्राची मिळाली तर बघ, जाळीचा खिसा नसलेली, आणि पाठीचं माप 38. मुलगी नववीत आहे, हल्ली रविवारी तीही पहाटे उठते.