स्वयंसिंचन कुंडी हॉस्पिसच्या बागेत कशी चालते

हॉस्पिसच्या, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात शेवटपर्यंत काळजी घेणाऱ्या केंद्राच्या, बागेला रोजचा माळी बहुधा नसतो. स्वयंसेवक आठवड्यातून दोनदा येतात, मधले दिवस झाडं आपल्या भरवशावर. सिस्टरांच्या हातात झारी द्यावी इतकी उसंत त्यांना नसते. पण दिवसभर खिडकीच्या त्याच चौकटीकडे पाहत पडलेल्या माणसासमोर मान टाकलेलं रोप नको, एवढ्यासाठीच तळाला पाण्याची टाकी असलेली ही लांबट कुंडी आम्हाला मोलाची वाटते. मात्र ती आणून नुसती ठेवली की काम झालं, असं नाही.

इथे विचार केला आहे तो साधारण 75 सेंमी लांब, 30 सेंमी रुंद आणि 8 लिटर टाकीच्या मापाचा. यात दोन प्रकार मिळतात. एकात दोरीची वात टाकीत सोडलेली असते, दुसऱ्यात कुंडीच्या तळालाच पोकळ पाय असतात; त्यांत भरलेलं मिश्रण पाण्यात बुडून ओलावा वर ओढतं. पायांचीच घ्या. सुती वात काही महिन्यांत कुजते, आणि ती बदलायची तर अख्खी कुंडी उपसावी लागते.

भरताना बागेतली माती अजिबात घालू नका. ती दबून बसते, तळाशी चिखल होतो आणि मुळं गुदमरतात. धुतलेलं कोकोपीट 5 भाग, गांडूळखत 3 भाग, पर्लाइट (फुगवलेले हलके पांढरे खडे) 2 भाग हे प्रमाण चांगलं चालतं. कोकोपीट धुतलेलं नसेल तर त्यातल्या क्षारांनी पानांच्या कडा करपतात. आधी पायांमध्ये ओलं मिश्रण बोटांनी घट्ट दाबून भरा, मग वरचा भाग हलक्या हाताने. पायात पोकळी राहिली की पाणी चढतच नाही, आणि टाकी भरलेली असूनही रोप सुकतं. या कुंडीबद्दलच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथेच सापडतं.

लावणीनंतर पहिले दोन-तीन आठवडे पाणी वरूनच घालायचं, कारण मुळं अजून खाली पोचलेली नसतात. नंतर टाकी. भरण्याच्या नळीत पाणी भसकन ओतलं तर फ्लोटची, म्हणजे टाकीतली पातळी दाखवणारी तरंगती, काडी लगेच वर उसळते आणि टाकी भरल्यासारखी वाटते. पाच मिनिटं थांबून पुन्हा बघा. सावलीतल्या फर्न-पुदिन्याला 8 लिटर आठवडाभर सहज पुरतं. पूर्ण उन्हातली मोठी रोपं तेवढंच पाणी तीन-चार दिवसांत संपवतात. काडी तळाला टेकल्यावर एखादा दिवस तसाच जाऊ द्यावा, मुळांना हवा मिळते. मात्र मिश्रण कोरडंठाक झालं, तर नुसती टाकी भरून भागत नाही. पुन्हा वरून भिजवून सुरुवात करावी लागते.

कुंडी उघड्यावर असेल तर जादा पाण्याच्या छिद्राकडे दर खेपेला बघाच. पांढरी, केसासारखी मुळं तिथूनच बाहेर डोकावतात आणि छिद्र बुजवतात. मग सलग पावसात कुंडी काठोकाठ भरते आणि झाड कुजतं. जाड तार आत फिरवली की काम होतं. भरण्याच्या नळीला झाकण नसेल तर बारीक जाळी बांधा. उष्ण हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि या इमारतीत डास कुणालाच नकोत. वर पांढरट थर दिसू लागला की ते खताचे क्षार. दर दोन महिन्यांनी वरून भरपूर पाणी सोडून टाकी रिकामी करावी.

वजन ही या कुंडीची खरी अडचण. भरलेली कुंडी 40 किलोच्या आसपास जाते. सोबत येणारी छोटी प्लास्टिकची चाकं दाराच्या उंबऱ्यावर अडकतात, म्हणून किमान दोन चाकांना ब्रेक असलेली रबरी चाकं वेगळी बसवा आणि कुंडी दोघांनी मिळूनच हलवा. कुंडी स्टँडवर ठेवली असेल तर व्हीलचेअर खाली सरकावी म्हणून स्टँडखाली सुमारे 70 सेंमी मोकळी जागा हवी. रुंदी 30 सेंमीच असल्याने बसल्या जागेवरून पलीकडच्या काठापर्यंत हात पोचतो. या बाबतीत कुंडी उत्तम आहे.

काय लावायचं? निशिगंध, मोगरा खिडकीपासून लांब ठेवा. औषधांनी आधीच मळमळत असलेल्या माणसाला सततचा उग्र वास असह्य होतो. पुदिना, वासाचं जिरॅनियम बरं, पान चुरडलं तरच दरवळतं. प्लेटलेट कमी असलेल्या माणसाला साध्या ओरखड्यानेही रक्त येत राहतं, म्हणून काटेरी काही नको. कण्हेर, डिफेनबेकिया, चिकाची झाडंही नकोत. फवारणी करू नका. पिठ्या ढेकूण (रोपावरची पांढरी, कापसासारखी कीड) साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसून काढा.

प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या पेशंटच्या खोलीत कुंडी न्यायचीच नाही, कारण मिश्रणात अस्परजिलस बुरशीचे बीजाणू असतात. कुठली खोली चालेल, हे दर वेळी ड्यूटीवरच्या सिस्टरांना विचारायचं. गेल्या आठवड्यात चाललं म्हणून आज चालेलच असं नाही. मिश्रणाची पिशवी बाहेर, चेहऱ्यापासून लांब धरून उघडा, आधी पाणी शिंपडा, मास्क लावा आणि नंतर हात साबणाने धुवा.

शेवटी एक गोष्ट माहितीपत्रकात नसते. भेटीला आलेले नातेवाईक बाटलीतलं उरलेलं पाणी कुंडीत ओततात. टाकी भरलेली असताना वरूनही पाणी पडत राहिलं तर मुळं कुजतात, म्हणून भरल्याची तारीख लिहिलेला टॅग नळीला अडकवा. पण ओतणाऱ्या हाताला अडवू नका. तासन्‌तास उशाशी बसलेल्या माणसाला काहीतरी करावंसं वाटतं. त्यासाठी शेजारीच एक साधी, बुडाला भोकं असलेली मातीची कुंडी मुद्दाम ठेवा आणि अर्ध्या लिटरची झारी भरून तिच्याजवळ.