चेहऱ्याची नस आणि कानाचे ऑपरेशन: एका कान-नाक-घसा विभागाविषयी अभिप्राय

वर्षानुवर्षे वाहणाऱ्या माझ्या डाव्या कानाची मॅस्टॉइडची, म्हणजे कानामागच्या हाडाची, शस्त्रक्रिया ज्या विभागात झाली, त्याचे नाव मी येथे देत नाही. चेहऱ्याची हालचाल करणारी नस कानातूनच जाते; तिला असलेला धोका त्यांनी कसा हाताळला, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे.

शस्त्रक्रियेआधीच्या भेटीला मी पूर्ण गुण देईन. सीटी स्कॅनच्या फिल्मवर पेन्सिलीचे टोक ठेवून सर्जनांनी दाखवले, की कोलेस्टिॲटोमाने, म्हणजे मधल्या कानात साचत गेलेल्या त्वचेच्या पापुद्र्यांनी, ऐकण्याच्या साखळीतले एक हाड तर खाल्लेच आहे, शिवाय चेहऱ्याची नस ज्या हाडाच्या नळीतून जाते तिची भिंतही एके ठिकाणी नीट दिसत नाही. ही भिंत पुष्कळ निरोगी कानांतही अपुरीच असते, त्यामुळे नस उघडी आहे असे धरूनच आपण काम करतो, असे त्यांनी सांगितले, आणि माझी निम्मी भीती तिथेच गेली. ऑपरेशन टाळले तरी हाड पोखरत आजार त्याच नसेपर्यंत पोहोचू शकतो व चेहरा वाकडा होऊ शकतो, हेही त्यांनी लपवले नाही.

नर्व्ह मॉनिटरची, म्हणजे नसेवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्राची, व्यवस्था होती. डोळ्याजवळ आणि ओठाजवळ बारीक सुया टोचलेल्या असतात. नस डिवचली गेली की तिथले स्नायू आकसतात आणि यंत्र आवाज करते. स्नायू ढिले करणाऱ्या औषधाचा अंमल असेल तर यंत्र मुकेच राहते, म्हणून भूलतज्ज्ञांशी ते आधीच ठरवावे लागते. ड्रिलच्या नुसत्या उष्णतेनेही नस दुखावते, त्यामुळे तिच्याजवळ हिऱ्याचा बर (हिऱ्याचे कण लावलेले ड्रिलचे टोक) आणि पाण्याची सततची धार वापरतात. यंत्र असले तरी नस कुठे आहे हे हातालाच ठाऊक असावे लागते, ही पुस्तीही सर्जनांनीच जोडली.

शुद्धीवर येताच कानाशी आवाज आला: "डोळे घट्ट मिटा, भुवया उचला, दात दाखवा." तिन्ही जमले. ही तपासणी लगेच होणे महत्त्वाचे असते, कारण शुद्धीवर येतानाच चेहरा लुळा असणे आणि काही दिवसांनी तो सैल पडणे, या दोन गोष्टींचे अर्थ निराळे. पहिल्या प्रकारात कानाजवळ टोचलेल्या, जागा बधिर करणाऱ्या औषधाचा अंमल ओसरेपर्यंत थांबतात. तरीही हालचाल आली नाही, तर नसेलाच इजा झाल्याची शंका घ्यावी लागते. दुसरा प्रकार बहुधा सुजेमुळे होतो आणि बहुतेकदा भरून येतो.

माझी तक्रार नेमकी या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे. डिस्चार्ज कार्डावर टाक्यांची तारीख आणि कान कोरडा ठेवण्याची सूचना होती. चेहऱ्याविषयी एक अक्षरही नव्हते. पाचव्या रात्री डावी पापणी जड वाटली तेव्हा आरशासमोर तासभर मी डोळे मिटून पाहत राहिलो, आणि विभागाचा फोन कोणी उचलला नाही. ती निव्वळ पट्टीची ओढ निघाली, पण खरोखर अशक्तपणा असता तर औषधाचा वेळ वाया गेला असता. जिभेच्या डाव्या कडेला आठवडाभर रेंगाळलेल्या धातूसारख्या चवीबद्दलही कोणी आधी बोलले नव्हते. याच नसेची चवीची बारीक फांदी मधल्या कानातून, पडद्याच्या अगदी मागून जाते, हे मला नंतर कळले.

पुढच्या भेटीत मी हे सांगितले. सर्जनांनी काहीही सबब न सांगता माझ्याच कार्डावर पेनाने ओळ लिहिली: डोळा मिटत नसेल किंवा तोंड वाकडे वाटले, तर त्याच दिवशी या. छापील कार्ड मात्र अजून जुनेच आहे.