कंपनीचा स्टिरिओ ठेवून स्पीकर बदलताना: कोएक्सियल, कंपोनंट की ओव्हल?

जुन्या वॅगनआरचा किंवा सँट्रोचा रेडिओ ठणठणीत असतो, पण आवाज जरा वाढवला की फाटतो. अशा वेळी दोष बहुधा स्पीकरचाच. दाराच्या काचेवरून पाणी आत झिरपतं, वर्षानुवर्षं पावसाळे सोसून स्पीकरचा कागदी कोन (आवाज काढणारा हलणारा पडदा) मऊ पडतो, कडेचा फोम हात लावताच गळतो. स्टिरिओ तसाच ठेवून फक्त स्पीकर बदलले तरी फरक पडतो, मात्र योग्य ते निवडले तर.

दुकानदार आधी खोक्यावरचे ३०० वॉट दाखवेल. त्याकडे ढुंकूनही पाहू नका. कंपनीच्या स्टिरिओतली चिप इंजिन चालू असताना, म्हणजे १४.४ व्होल्टला, ४ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) स्पीकरला स्वच्छ अशी २० वॉटच्या आसपासच ताकद देते. स्टिरिओवरच छापलेला ‘५० वॉट गुणिले ४’ हा आकडा आवाज पार फाटलेला असतानाचा. तुमच्या कामाचा आकडा सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ठरावीक ताकदीत स्पीकर किती मोठ्यानं वाजतो त्याचा; तो डेसिबलमध्ये असतो. ३ डेसिबल जास्त म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्मी ताकद: ८८ डेसिबलचा स्पीकर २० वॉटमध्ये जे करतो ते ९१ डेसिबलचा १० वॉटमध्ये करतो. इथे एक चलाखी चालते. काही कंपन्या हे माप १ वॉटला घेतात, काही २.८३ व्होल्टला. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॉट, त्यामुळे आकडा आपोआप ३ डेसिबलनं फुगतो. दोन खोकी शेजारी ठेवाल तेव्हा ही बारीक अक्षरं वाचा.

आता प्रकार. कोएक्सियलमध्ये ट्वीटर (तीक्ष्ण आवाजाचा छोटा स्पीकर) मोठ्या कोनच्या मधोमध बसवलेला असतो. जुना काढला, नवा बसवला, कपलर (वायर न तोडता जोडायचा प्लग) जोडला, काम झालं. कंपोनंटमध्ये ट्वीटर वेगळा, तो डॅशबोर्डवर किंवा आरशाजवळच्या तिकोनात बसतो, सोबत क्रॉसओव्हरची डबी, जी तीक्ष्ण आणि जाड आवाज वेगळे करून ज्या त्या स्पीकरला देते. गाणारा समोर उभा आहे असं वाटतं ते यातच. कोएक्सियलचा आवाज गुडघ्यापाशी राहतो. पण बऱ्याच कंपोनंट सेटना वेगळ्या ॲम्प्लिफायरची ताकद लागते आणि २० वॉटवर ते मरगळलेले वाजतात. पुढेमागे ॲम्प्लिफायर घालायचा बेत पक्का असेल तरच त्यात पैसे घाला. नाहीतर जास्त सेन्सिटिव्हिटीचा साधा टू-वे (एक कोन, एक ट्वीटर) कोएक्सियल त्याला सहज मागे टाकेल. थ्री-वे, फोर-वे म्हणून मधे चिकटवलेल्या जादा टिकल्यांसाठी जास्त पैसे मोजू नका.

गाडीत कंपनीचेच वेगळे ट्वीटर असतील तर मात्र थांबा. बऱ्याचदा ते दाराच्या स्पीकरच्याच वायरवर असतात. खाली कोएक्सियल घातला की तीक्ष्ण आवाज दोन ठिकाणांहून येतो आणि झांज कानात टोचते. मग जुने ट्वीटर सोडवून टाका.

मागच्या ६ बाय ९ इंची ओव्हल, म्हणजे लंबगोल स्पीकरचं आपल्याकडे भारी वेड. एस्टीम किंवा जुनी सिटी यांसारख्या डिकीच्या गाडीत ते शोभतात: मागचा पत्रा पक्का, खाली डिकीची बंद पोकळी, बास खरोखर उतरतो. हॅचबॅकच्या सुट्या पार्सल ट्रेवर तेच स्पीकर खडखडतात, सामान भरताना आडवे येतात आणि जोराच्या ब्रेकला एवढं वजन पुढे झेपावू शकतं. हॅचबॅकवाल्यांनी ते पैसे पुढच्या दारांवर लावावेत.

ओहमचंही बघा. कंपनीचा स्टिरिओ ४ ओहम धरून बनवलेला असतो. जेबीएलच्या क्लब मालिकेसारखे ३ ओहमचे स्पीकर थोडा जास्त करंट ओढून थोडे मोठ्यानं वाजतात. स्टिरिओ नेहमीपेक्षा गरम होतो, तेव्हा आवाज सतत टिपेला ठेवणाऱ्यांनी ४ ओहमचेच घ्यावेत. २ ओहमच्या वाटेला कुणीच जाऊ नये.

व्यासापेक्षा खोली दगा देते. साडेसहा इंची स्पीकर भोकात चपखल बसतो आणि काच खाली उतरवली की मॅग्नेटला अडते. दाराचं पॅनल काढा, काच पूर्ण खाली घ्या, मगच पट्टीनं खोली मोजा. कमी पडली तर स्पीकर पुढे आणायला एमडीएफऐवजी (दाबलेल्या लाकडी भुशाची फळी) प्लास्टिकची रिंग घाला, कारण पावसाचं पाणी लागलं की एमडीएफ फुगतं. कोनही कागदी नको, पॉलिप्रॉपिलीनचा (एक प्रकारचं प्लास्टिक) घ्या. बजेट तोकडं असेल तर मागचे स्पीकर आहेत तसेच राहू द्या आणि उरलेल्या पैशांत पुढच्या दारांच्या पत्र्याला डॅम्पिंग शीट (थरथर शोषणारा जाड चिकट पत्ता) चिकटवा. पत्रा थरथरायचा थांबला आणि मोठी भोकं बुजली की तोच स्पीकर भरदार वाजतो. आतला प्लास्टिकचा कागद फाडून टाकू देऊ नका, नाहीतर पाणी थेट पॅनलवर येईल.

कपलर मिळत नाही म्हणून वायरी तोडाव्या लागल्या, तर पॅनल लावण्याआधी त्या स्टिरिओपासून सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह असेल तर कोन बाहेर येतो. दोन्ही दारांचे कोन एकाच दिशेला हलले पाहिजेत. एक उलटा जोडला गेला तर बास गायब होतो आणि ग्राहक विनाकारण स्पीकर परत करायला निघतो.