साताऱ्याजवळच्या खाणीतला स्कुबा कोर्स : पैसे भरण्याआधी हे वाचा

पावसाळा सरला की सांगली, कराड, साताऱ्याकडच्या मोबाइलवर एक जाहिरात फिरायला लागते. ‘मालवणला कशाला? आपल्या साताऱ्यात स्कुबा शिका. गोड्या पाण्यात ट्रेनिंग, इंटरनॅशनल कार्ड, संध्याकाळी महाबळेश्वरला मुक्काम.’ स्कुबा म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून पाण्याखाली फिरणं, आणि कार्ड म्हणजे ते शिकल्याचा दाखला. फी माणशी साडेसोळा हजार. माझे आणि पुतण्याचे मिळून तेहेतीस हजार गेले. पैशाचं दुःख आहेच, पण मी लिहितोय ते त्या बनावट कार्डापायी. ते खिशात घालून उद्या कुणाचं पोरगं खोल समुद्रात उतरलं तर जिवावर बेतेल.

आम्ही सांगलीचे, कृष्णेत पोहणारे. घाटावरच्या सकाळच्या मंडळींत ही जाहिरात आली तेव्हा पाण्याची भीती कुणालाच नव्हती आणि समोरच्याला नेमकं तसंच गिऱ्हाईक हवं होतं. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे, त्यामुळे माझी नजर आधी पावतीवर जाते. पावतीवर पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही, शिकवणाऱ्याचा नंबर नाही. क्यूआर स्कॅन केला तर नाव आलं कुठल्याशा मोबाइल शॉपीचं. विचारलं तर कोर्सवाल्याचं उत्तर तयार : “पार्टनरचं खातं आहे काका. बाकी सगळं कार्डाबरोबर येतंय.”

जाहिरातीतल्या फोटोत हिरवट पाण्यात बुडालेली लोखंडी बोट दिसते आणि तिच्यावर एक डायव्हर. पुतण्यानं नंतर तो फोटो गूगलवर शोधला, तर तो निघाला इंग्लंडातला. लेस्टरशरमध्ये स्टोनी कोव्ह नावाची ग्रॅनाइटची जुनी खाण आहे, तिथे २००० साली स्टेनगार्थ ही टगबोट डायव्हिंगवाल्यांसाठी मुद्दाम बुडवलीय. म्हणजे खाणीतलं डायव्हिंग हे थोतांड नाही. तिकडे कित्येकजण समुद्राऐवजी खाणीतच शिकतात. पण तिथे हवा भरायची सोय असते, कुठे किती खोली आहे ते माहीत असतं, मदतीला माणसं असतात.

आमची खाण होती हायवेपासून आत, बंद पडलेल्या क्रशरच्या मागं. तीन बाजूंना काळ्या दगडाच्या उभ्या कडा, आणि डंपर उतरायचा जुना रस्ता तेवढा सरळ पाण्यात गेलेला. त्यावरूनच आम्हाला आत नेलं. काठावर ऑक्सिजन नाही, प्रथमोपचाराची पेटी नाही. पाणी किती खोल आहे विचारलं तर कोर्सवाला म्हणाला, “भरपूर.”

सिलिंडरवर पिवळा ऑइलपेंट इतका जाड फासला होता की त्याच्या खांद्यावर, म्हणजे वरच्या गोलाईवर, ठोकलेले आकडे बोटालाही लागत नव्हते. सिलिंडरची दाबाची चाचणी ठरावीक वर्षांनी करावी लागते, आणि त्या चाचणीचा महिना आणि साल तिथं ठोकलेलं असतं. भरलेल्या सिलिंडरचा काटा साधारण २०० बार (बार हे दाबाचं माप) दाखवतो, माझ्या काट्यावर ९० होते. कमरेच्या पट्ट्यात शिशाच्या वजनांऐवजी जिममधल्या लोखंडी चकत्या ओवलेल्या. वजनाचा हिशेब तर त्याच्या गावीच नव्हता. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, माणूस त्यात कमी तरंगतो, म्हणून समुद्रापेक्षा दोन-तीन किलो वजन कमी लावायचं असतं. यानं मालवणला लावतात तेवढंच लावलं. मी दगडासारखा खाली गेलो.

हवेला डिझेलसारखी चव होती, वर आल्यावर दोघांचंही डोकं ठणकत होतं. श्वासाची हवा भरणारा कॉम्प्रेसर वेगळा असतो, त्याला फिल्टर लागतात, आणि इंजिनाचा धूर आत ओढला जाणार नाही अशी त्याची मांडणी लागते. धूर आत गेला तर त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड जातो. त्याला स्वतःचा वास नसतो, आणि जमिनीवर जेमतेम डोकं दुखवणारं प्रमाण पाण्याखालच्या दाबात घातक ठरतं.

पण सगळ्यात भयंकर होता त्याचा सल्ला. “काका, तुमचा दम चांगला आहे. श्वास रोखून धरा, हवा पुरते.” स्कुबाचा पहिला धडा याच्या बरोबर उलट आहे : श्वास कधीही रोखायचा नाही. कृष्णेत बुडी मारणाऱ्याच्या छातीत वरचीच हवा असते. ती खाली दबते, वर आला की पुन्हा तेवढीच होते. सिलिंडरमधून मिळणारी हवा मात्र त्या खोलीच्या दाबाची असते. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो, तिथला श्वास कोंडून वर आलात तर ती हवा दुपटीनं फुगायला बघते आणि फुप्फुस फाटू शकतं. दीड-दोन मीटरवरूनही हे घडतं. आम्हा पोहणाऱ्यांना दम धरायची सवय लहानपणापासून, म्हणजे हा सल्ला नेमका आमच्यासारख्यालाच मारणारा.

पुतण्याला लहानपणी दमा होता, पंप अजून त्याच्या बॅगेत असतो. रीतसर कोर्सला तब्येतीच्या प्रश्नांचा फॉर्म आधी भरून घेतात. त्यात दम्याचा प्रश्न असतोच, आणि ‘हो’ लिहिलं की डॉक्टरची सही लागते. इथं फॉर्मच नव्हता. त्यानं स्वतःहून सांगितलं तर हा हसून म्हणाला, “पाण्याखाली धूळ असते का? मग दमा कसला?”

आता महाबळेश्वरच्या मुक्कामाचं बघा. ३०० मीटर उंचीच्या वर डायव्हिंग केलं तर ते ‘उंचावरचं’ धरतात आणि त्याची गणितं वेगळी असतात. सातारा सातशे मीटरच्या आसपास, महाबळेश्वर साडेतेराशेच्या. दाबाखाली अंगात मुरलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा लागतो, घाईनं वरच्या विरळ हवेत गेलं तर त्याचे अंगातच बुडबुडे होतात. डायव्हिंग करून लगेच घाट चढणं म्हणजे लगेच विमानात बसण्यातला प्रकार. विमानासाठी साधा नियम असा की एका डायव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त असतील तर १८ तास थांबायचं. हा गडी पाण्यातून काढून तासाभरात लोकांना गाडीत घालतो आणि त्याला पॅकेज म्हणतो. आम्ही दोघं फार खोल गेलो नव्हतो म्हणून निभावलं.

प्रकार उघडा पडला अंदमानात. पुतण्या मित्रांबरोबर स्वराज द्वीपला गेला होता. तिथल्या डायव्हिंग सेंटरवर त्यानं लॅमिनेट केलेलं कार्ड पुढं केलं. काउंटरवरच्या मुलीनं नाव आणि जन्मतारीख टाकून शोधलं, काहीच निघालं नाही. मग तिनं लॉगबुक, म्हणजे केलेल्या डायव्हची नोंदवही, मागितलं. ते याला कधी मिळालंच नव्हतं. त्याचा मला फोन, “काका, हे कार्ड झेरॉक्सच्या दुकानातलं आहे ओ.” त्या मुलीनं त्याला खोल पाण्यात सोडलं नाही, हे तिचे उपकार.

हळदीचं कांडं मोडून आतला रंग बघितल्याशिवाय आमच्याकडे सौदा होत नाही. स्कुबातही मोडून बघण्यासारखं बरंच आहे. पॅडी, एसएसआय यांसारख्या डायव्हिंगची कार्डं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था शिकवणाऱ्याला नंबर देतात, तो पैसे भरण्याआधी मागा आणि त्या संस्थेच्या वेबसाइटवर स्वतः तपासा. त्यानं पाठवलेल्या लिंकवर नको. पॅडीचा ‘ओपन वॉटर’ हा सुरुवातीचा कोर्स एका दिवसात होतच नाही. आधी पोहण्याच्या तलावातले पाच धडे, मग खुल्या पाण्यातले चार डायव्ह, तेही किमान दोन दिवसांत. शिवाय २०० मीटर पोहून आणि दहा मिनिटं तरंगून दाखवावं लागतं. हे झाल्यावर १८ मीटरपर्यंत जायचं कार्ड मिळतं, आणि ते संस्था स्वतः ईमेलवर पाठवते. मालवण, तारकर्लीला पर्यटकांना हाताला धरून खाली नेतात तो अनुभव चांगलाच असतो, पण त्याचं कार्ड मिळत नाही. नुसती हौस असेल तर तेवढं बास. शिकायचंच असेल तर तारकर्लीला एमटीडीसीची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे आधी चौकशी करा.

आमच्या माणसाचा फोन बरेच दिवस बंद लागला. मग एकदा दुसऱ्या नंबरवरून लावला तर उचलला, आणि वर मलाच विचारतो, “काका, तुम्हाला पाण्यात नेलं का नाही? मग फसवलं कुठं?” हा युक्तिवाद तो पोलिसांसमोरही करणार, हे धरून चाला. आम्हीही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथला पहिला प्रश्न असतो, सेवा मिळाली की नाही. म्हणून तक्रारीत ‘डायव्हिंग बरोबर झालं नाही’ असं लिहू नका. ‘इंटरनॅशनल कार्ड देतो म्हणून पैसे घेतले आणि बनावट कार्ड दिलं’ असं लिहा. खोट्या कागदाची गोष्ट भारतीय न्याय संहितेत येते, नुसत्या वाईट सेवेची ग्राहक आयोगात.

वकिलाची नोटीस ‘पत्त्यावर इसम राहत नाही’ असा शेरा घेऊन परत आली. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३५ प्रमाणे एकाच प्रकारे फसलेल्यांना आयोगाच्या परवानगीनं एकत्र तक्रार करता येते. कराड आणि विट्याकडच्या काहींनी ओळखीतून माझ्याशी संपर्क केलाय, त्यांच्याही पावत्यांवर तीच मोबाइल शॉपी आहे. तुमच्याकडे असलं कार्ड असेल तर रागानं फाडू नका. पावती, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, क्यूआरवर आलेलं नाव आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट, सगळं तारखेसकट जपून ठेवा. दम्यासारखा आजार सांगूनही पाण्यात उतरवलं असेल तर तेही आताच लिहून ठेवा, बरोबरच्या कुणाची तरी सही घेऊन.