बांधावरची मारहाण : तंटामुक्ती समिती की फौजदारी खटला?
बांधाच्या वादात भावकीतल्याने काठी मारली, तर खटला चालवावा की गावातले वाद सामोपचाराने मिटवण्यासाठी 2007 पासून महाराष्ट्रात गावोगावी स्थापन झालेल्या तंटामुक्ती समितीपुढे बसावे, हा पेच अनेकांना पडतो. खर्चात आणि वेळेत समिती उजवी आहेच. न्यायालय शिक्षा देते, क्वचित भरपाईही देते. परंतु माफी, औषधपाण्याचा खर्च आणि भूमी अभिलेख खात्याकडून सरकारी मोजणी हे सारे एकत्र ठरते ते समोरासमोर बसूनच. साधी दुखापत तडजोडपात्र, म्हणजे कायद्याने आपसात मिटवता येणारी असली, तरी गुन्हा नोंदलेला असल्यास ती तडजोड न्यायालयात किंवा लोकअदालतीत नोंदवावी लागते, कारण समितीच्या कागदावरील सह्यांनी खटला मिटत नाही. मारणारा चूक कबूल करत असेल, तर समिती योग्य ठरते. समितीत त्याचेच सोयरे असतील किंवा दुखापत गंभीर असेल, तर खटलाच चालवावा.